केसाएवढा झोल

नांदेडला मी ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते, त्या काकांची आणि माझी ओळख झाली ती कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी. आदल्याच दिवशी मी लातूरहून सामान आणलं होतं. ज्युनिअर कॉलेजातली नोकरी नवी, शहर नवं, आणि गच्चीवर दोन खांबांना बांधलेली माझी दोरीही नवी. कपडे घालून खोलीत गेले, चहा पिऊन परत आले, तर माझे ओले कपडे कठड्यावर ओळीनं मांडलेले आणि एक उंच, हडकुळे गृहस्थ खांबाला पाय लावून माझी दोरी ओढून बांधताहेत. मी विचारलं, काय झालं? गाठ मारून झाल्यावर त्यांनी दोरीला टिचकी मारली, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि मग कुठं माझ्याकडं पाहिलं.

“झोल होता,” एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले.

आता बोला. झोल म्हटल्यावर माणूस काय समजणार? मला वाटलं, राहायला येऊन एक रात्र झाली नाही आणि म्हाताऱ्याला माझ्यात काहीतरी काळंबेरं दिसलं. मी तणतणत खाली गेले. काकू भाकरी थापत होत्या. मी विचारलं, काका मला असं का म्हणाले, मी काय लबाड दिसते का? काकू इतक्या हसल्या की तव्यावरची भाकरी करपली.

“अगं पोरी, तुझ्यात न्हाई, दोरीत. ढिली दोरी दिसली की ह्यांच्या पोटात दुखतंय.”

हे अगदी खरं होतं. दोरी मध्ये लोंबते त्या लोंबण्याला काका झोल म्हणायचे आणि जगातला सगळा झोल काढणं ही आपली जबाबदारी आहे असं त्यांना वाटायचं. बाजेची नवार, मच्छरदाणीच्या नाड्या, शेजाऱ्यांच्या झोक्याची साखळी, कशालाही त्यांचा हात लागायचा. एकदा भोकरला लग्नाला गेले होते. तिथं ऐन अक्षता पडायच्या वेळी हे गायब. काकूंनी शोधलं तर मांडवाच्या मागं, धोतर खोचून, मंडपवाल्याच्या खुंटीची दोरी ओढत बसलेले. मंडपवाला म्हणे हात जोडून विनवत होता, बाबा सोडा, कापड फाटंल. काकू ही गोष्ट सांगायच्या तेव्हा काका शेजारीच बसून ऐकायचे आणि शेवटी शांतपणे म्हणायचे, “झोल होताच पण.”

काकांनी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढली होती. खांबावर तारा ओढून घ्यायचं काम. मला वाटायचं, तिथूनच हा नाद लागला असेल. पण तसं नव्हतं. तार उन्हात लांबते आणि थंडीत आखडते, म्हणून दोन खांबांच्या मध्ये थोडा झोल ठेवावाच लागतो, नाहीतर पौषात तार तटकन तुटते. “नोकरीभर मला झोल ठेवायला लावला, मास्तरीणबाई,” ते मला सांगायचे. मला ते मास्तरीणबाई म्हणायचे. “रोज सरळ तार ओढायची आन हातानं ढिली करायची. लई जिवावर यायचं.” आता तर ते खांबच राहिले नाहीत. फोन सगळ्यांच्या खिशात गेला आणि तारा भंगारात गेल्या. काका मात्र निवृत्त झाल्यापासून सरळ दोऱ्या ओढत बसले होते.

त्यासाठी त्यांनी जागा शोधली होती फार न्यारी. त्यांच्या भाच्यानं कधीतरी हैदराबादहून त्यांना प्लॅस्टिकच्या विमानाचा खोका आणून दिला होता. जुन्या काळचं, एकावर एक पंख असलेलं विमान. सुटे भाग चिकटवून घरीच बनवायचं. खरं तर नातवासाठी आणलेलं. पण खोक्यावरच्या चित्रात त्या दोन पंखांच्या मध्ये तिरक्या तारा दाखवल्या होत्या, आणि खोक्यात तारा नव्हत्या. झालं. काकांना आयुष्याचं काम मिळालं. विमानामागून विमानं आली, मग शिडाची जहाजं आली. जहाजाला तर डोलकाठ्यांपासून खालपर्यंत नुसत्या दोऱ्याच दोऱ्या. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. गोदावरीत नावाडी पैलतीराला नेतो तेवढाच त्यांचा जलप्रवास. पण मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर, त्यांची जहाजं उभी असायची.

त्या खोलीत पंखा लावायला बंदी होती. नांदेडचा वैशाख काय असतो ते ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. पण वारा आला की काकांचे तंतू उडून जायचे. मग खिडकीला ओला पडदा, अर्धा अंधार आणि एक उदबत्ती. कॉलेजहून आले की मी तिथल्या दिवाणावर टेकायचे आणि त्यांचं काम बघायचे. सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात, ती लोक फेकून देतात. काका ती जपून ठेवायचे. तिचा तुकडा मेणबत्तीवर धरून फिरवत राहायचे. तो चमकायला लागला, मऊ झाला, की ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्ही हात सावकाश लांब करायचे, आणि त्यांच्या हातांच्या मध्ये एक तंतू तयार व्हायचा, बघता बघता दिसेनासा होणारा. जोरात ओढला तर बारीक, हळू ओढला तर जाड. मग सुईएवढ्या छिद्रात एक टोक चिकटव, दुसरं टोक चिकटव. तरी थोडा झोल राहायचाच. तेव्हा उदबत्तीचं लाल टोक त्या तंतूच्या खालून न्यायचं, न टेकवता. उष्णता लागली की तंतू अंग चोरून घ्यायचा आणि रुळासारखा सरळ व्हायचा. उदबत्ती जरा जास्त जवळ गेली की तंतू तुटून दोन्हीकडं गुंडाळला जायचा. काका त्या वेळी श्वास धरायचे. मीसुद्धा धरायचे. धूर सरळ वर जायचा, मग कुठंतरी अडून शिडांच्या मधून पसरायचा, आणि मला अर्धवट झोपेत वाटायचं की जहाज निघालं. त्या खोलीत मला जशी झोप लागायची तशी नंतर कुठंच लागली नाही.

उदबत्ती अर्थात देवाची. काकू उदगीरकडच्या, कपाळाला विभूती, पूजा नेमाची. देवापुढची पेटती उदबत्ती काका बिनदिक्कत उचलून न्यायचे. काकू रागावल्या की कानडीत बोलायच्या, म्हणजे मला कळू नये म्हणून. पण कळायचंच. शेवटी त्यांनी देवासमोर दोन लावायला सुरुवात केली, एक देवाला आणि एक झोलाला.

मला काकू फार आवडायच्या. काकांइतक्याच सरळ, पण त्यांना कशाची घाई नव्हती. “लई ताणू नये,” हे त्यांचं पालुपद. पावसाळी हवा पडली की दुपारी जेवण आवरून त्या अशा काही झोपायच्या की बस्स. “सर्द हवेत मला उठवू न्हाई,” असं बजावूनच आडव्या व्हायच्या. चार वाजता काकांना चहाची तलफ यायची. ते दारातून विचारायचे, “आज उठायचं हाय, का दिवाळीला उठती?” आतून उत्तर यायचं, “दिवाळीला.” रोजचं ठरलेलं. मी वरून ऐकत असायचे.

आणि काकूंचे केस. साठी उलटली तरी जाड, लांब, थोडे कुरळे, अर्धे काळे अर्धे पांढरे. मागच्या दारात बसून त्या विंचरायच्या आणि फणीत आलेलं गुंतवळ बोटाला गुंडाळून एका कापडी पिशवीत टाकायच्या. पिशवी खिळ्याला. लोह्याकडून एक बाई यायची, डोक्यावर पाटी, पाटीत स्टीलची भांडी, आणि गल्लीत ओरडायची, “केसावर भांडेऽ.” गुंतवळ घ्यायचं आणि वाटी, चमचा, झाकण काहीतरी द्यायचं. काकूंच्या मांडणीवर अशा भांड्यांची एक वेगळी रांगच होती. आल्यागेल्याला त्या दाखवायच्या, हे माझ्या डोक्याचं.

एका उन्हाळ्यात काकांना शोध लागला की प्लॅस्टिकच्या तंतूपेक्षा काकूंचा केस चांगला. बारीक, गोल, लव नाही, आणि डिंकानं चांगला चिकटतो. झालं, पिशवीवर धाड पडायला लागली. काकूंचं म्हणणं, त्यात माझा डबा हाय, झाकणाचा, त्या बाईनं कबूल केलाय. काकांचं म्हणणं, माझं विमान हाय. शेवटी काकूंनी लांब लांब केस निवडून दिले, आणि वैशाखात एक विमान काकूंच्या केसांनी तयार झालं. इतकं सुरेख की काका दाराला कडी लावून बघत बसायचे.

मृग लागला आणि हवेत ओल आली. एका सकाळी काका बघतात तर सगळ्या तारा लोंबलेल्या. केस ओलीत लांबतो आणि सुकल्यावर आखडतो, हे त्यांना नंतर कळलं. मी कधी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. विमान हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि काकूंनाच विचारायला लागले, हे काय? जसं काही काकूंनीच केलं होतं.

काकूंनी भाजी चिरता चिरता वर पाहिलं. “माझेच केस हायत वो. ते काय तुमच्या धाकात ऱ्हाणार हायत?”

काकांनी तिथंच चिमट्यानं एक एक केस उपटून काढला आणि पुन्हा प्लॅस्टिकचे तंतू लावले. काकू काही बोलल्या नाहीत, कानडीतसुद्धा नाही. केरसुणी घेऊन आल्या, फरशीवर पडलेले ते केस गोळा केले आणि पिशवीत टाकले.

पुढच्या माघात काकू गेल्या. थोडासा ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि दोन-चार दिवसांत संपलं. घर एकदम रिकामं झालं. मला तर जिना उतरताना स्वयंपाकघराकडं बघवत नसे. काका रडले नाहीत, निदान माझ्यासमोर नाही. पण गच्चीवरच्या दोरीला झोल पडला आणि तो तसाच राहिला. माझी साडी खाली फरशीला टेकायला लागली तेव्हा मीच एकदा ओढून बांधली. मला जमली नाही. ते वर आले होते, त्यांनी पाहिलं आणि जिना उतरून गेले. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

उन्हाळ्यात त्यांनी नवीन खोका उघडला. तीन डोलकाठ्यांचं मोठं जहाज, त्यांच्याकडचं सगळ्यात मोठं. मला बोलावून सांगितलं, याच्या सगळ्या दोऱ्या तिच्या केसाच्या लावायच्या. पिशवी खिळ्याला तशीच होती, त्यांनी तिला हात लावला नव्हता. मी म्हटलं, काका, पावसाळ्यात सगळं ढिलं पडेल. ते म्हणाले, पडू दे. मग थोड्या वेळानं म्हणाले, “उपटायला नको होते मी. तिच्या डोळ्यासमोर उपटले.”

दोऱ्या नेहमी शेवटी. आधी तळ, मग फळ्या, रंग, डोलकाठ्या. हे सगळं करता करता उन्हाळा गेला, पावसाळा गेला. काका मुद्दाम सावकाश करताहेत असं मला वाटायचं, कारण केस लावून झाले की संपलंच ना. रोज सकाळी मागच्या दारात जायचे, पिशवी खिळ्यावर आहे एवढं बघायचे आणि कामाला बसायचे.

भाद्रपद सरला आणि त्यांची लेक सोलापूरहून आली. आईमागं पहिला दसरा, घर कोण काढणार म्हणून आली. आमच्याकडं दसरा काढणं म्हणजे घरातली प्रत्येक वस्तू बाहेर काढून धुणं, वाकळा-चादरींसकट. लेक कामाला वाघ. तिनं माळा रिकामा केला, भिंती झाडल्या, भांडी घासली. काका चुना आणायला बाजारात गेले होते. मी गच्चीवर गाद्या उन्हात टाकत होते. गल्लीत आवाज आला, “केसावर भांडेऽ.” मी ऐकला. पण त्या आवाजात विशेष असं काय होतं, तो तर नेहमीचाच.

काका चुना घेऊन आले ते हात धुवायला मागच्या दारात गेले. खिळा रिकामा. लेक हौसेनं पुढं आली, हातात झाकणाचा नवा डबा. म्हणाली, आई किती दिवस या डब्याची वाट बघत होती, आज मिळाला. तिचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. आई असती तर आईनं हेच केलं असतं. काकांनी डबा हातात घेतला, झाकण उघडलं, आत बघितलं आणि परत लावलं. ओट्यावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मीच तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, तेव्हा ती बिचारी हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात सुट्टी टाकली आणि काकांबरोबर लोह्याची एसटी धरली. डबा त्यांनी बरोबर घेतला होता, परत द्यायला. गावाबाहेर त्या बाईचं घर सापडायला वेळ लागला नाही, भांडेवालीला सगळे ओळखत होते. घरापुढं कडुलिंबाखाली जाड कापडाचं एक मोठं पाल अंथरलेलं आणि त्यावर केस. एवढे केस एका जागी मी कधी पाहिले नव्हते. काळे, पांढरे, मेंदीनं तांबडे झालेले, सगळ्या नांदेडच्या बायांच्या डोक्याचे. वाऱ्यानं ते जागच्या जागी हलत होते.

बाईनं काकांना ओळखलं. काकू गेल्याचं तिला पिशवी घेतानाच कळलं होतं. काकांनी डबा पुढं केला आणि म्हणाले, हा घे आणि तिचे केस दे. तिनं पालाकडं हात केला. पिशवी कालच त्यात ओतली होती.

“बाबा,” ती म्हणाली, “ढिगात पडला की केस कुणाचा ऱ्हात न्हाई.”

मला वाटलं आता काका उठतील. ते पालाच्या कडेला खाली बसले, मांडी घालून. एक केस उचलला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरला, डोळे मिटले आणि हळूच ताणला. बाजूला ठेवला. दुसरा घेतला. ताणला. बाजूला ठेवला. भांडेवाली आधी हसली. मग तिनं त्यांना चहा आणून दिला, तो तसाच निवला. मग ती समोर येऊन बसली आणि गुंत्यातून लांब, कुरळे केस सोडवून त्यांच्या हातात द्यायला लागली. मीही बसले. कडुलिंबाच्या सावल्या त्या केसांवरून सरकत होत्या, कुठं कोंबडं आरवत होतं, आणि आम्ही तिघं एका बाईला शोधत होतो. मला मागच्या खोलीत यायची तशी गुंगी आली. काकू इथंच कुठंतरी आडव्या झाल्यात आणि हाक मारली की ओ देतील, असं वाटत राहिलं.

उन्हं कलली तेव्हा काकांचे हात एका केसावर थांबले. पुन्हा ताणला. पुन्हा.

“हा तिचा,” म्हणाले.

भांडेवालीनं विचारलं, कशावरून? काकांनी डोळे न उघडताच सांगितलं, “ओढला की जरासा येतो. मग येतच न्हाई.”

डबा तिनं परत घेतला नाही. झाकण काढून पुढं धरला आणि म्हणाली, ठेवा यात, तिच्याच केसाचा हाय. काकांनी तो केस बोटाला गुंडाळून डब्यात ठेवला. आणखी शोधू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, एक बस्स झाला. येताना एसटीत डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते.

त्या हिवाळ्यात जहाज पुरं झालं. बाकीच्या सगळ्या दोऱ्या प्लॅस्टिकच्या, मेणबत्तीवर ओढलेल्या, उदबत्तीनं सरळ केलेल्या. एकच दोरी केसाची. कुठली ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि एवढ्या जाळ्यात मला ओळखूही आली नाही. सगळ्या सारख्याच ताठ. जहाजावर काचेची पेटी बसवली, पण एक बाजू उघडीच ठेवली. मी विचारलं तर म्हणाले, हवा लागू दे. पुढं मला लातूरला नोकरी मिळाली आणि मी नांदेड सोडलं.

यंदा श्रावणात मी त्यांना भेटायला गेले. आठवडाभर आभाळ गळत होतं, भिंतींना ओल आली होती. काका फार थकलेत. हात कापतात, त्यामुळं दोऱ्या ओढायचं काम बंद आहे. लेक येऊन-जाऊन असते. मला मागच्या खोलीत नेऊन दिवाणावर बसवलं आणि स्वतः खुर्चीत टेकले. मी जहाजाकडं बघत राहिले. सवयीनं प्रत्येक दोरी बघत गेले, वरून खाली. सगळ्या ताठ. आणि मागच्या डोलकाठीपासून खाली उतरणाऱ्या एका दोरीला, अगदी शेवटच्या, झोल होता. केसाएवढाच, पण होता. कोणत्याही बाईचा केस ओलीत असाच लांबतो, हे मला ठाऊक आहे.

तरी मी उठून पेटीजवळ गेले. हात पुढं केला असेल मी, नकळत.

“उठवू नको,” काका हळू आवाजात म्हणाले. “दिवाळीला आपसूक उठती.”